काडेपेटीवर घासलेलं कार्ड

फोनमधून खरखर आवाज आला आणि मला कळलं, आमचे हे बँकेचं कार्ड काडेपेटीवर घासतायत.

तो आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. स्कूटर चालू झाली नाही की प्लग काढायचा आणि काडेपेटीच्या काळ्या बाजूवर घासायचा. बॅटरी लागली नाही की आतली पत्र्याची पट्टी घासायची. कारखान्यातला एखादा स्विच अडला की तोही. घासलं की चालू व्हायचं, हेही खरं. म्हणून यांचा त्या काडेपेटीवर देवापेक्षा जास्त विश्वास.

"अहो, काय करताय?"

"कॉन्टॅक्ट साफ करतोय."

"थांबा. घासू नका ते."

"झालं. चकचकीत झालंय, बघ."

मी कशी बघणार? मी बेंगळूरला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, मागच्या गल्लीत, आमच्या स्वयंपाकघरात उभी होते. हे नेपाळात, मुक्तिनाथाच्या खालच्या जोमसोम नावाच्या गावात. आणि त्यांच्या शेजारी लॉजच्या खाटेवर त्यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, तोंड उघडं टाकून श्वास ओढत पडल्या होत्या. अक्कांना आजच्या आज खाली पोखर्‍याला नेलं नाही तर त्यांचं काही खरं नाही, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं. खाली न्यायला जीप उभी होती. जीपवाला म्हणत होता, आधी रोख पैसे, मग गाडी. आणि आमचे पैसे त्या कार्डात होते.

कार्ड घेऊन हे पुन्हा पैशांच्या मशीनकडे गेले. मी फोन हातात धरून बसले. गॅसवर भात होता, तो खाली लागला. लागू दिला.

फोन आला तेव्हा यांचा आवाजच बदलला होता. आधी मशीन कार्ड आत घेऊन परत टाकत होतं, वाचता येत नाही म्हणून लिहून दाखवत होतं. आता ते कार्ड आहे हेच मशीनला पटेना. नुसतं बाहेर ढकलत होतं. गावात दुसरंही एक मशीन होतं, तिथेही तेच. मी विचारलं, सोनेरी चौकोन कसा दिसतोय? हे म्हणाले, पांढरा दिसतोय.

झालं. सोनं निघून गेलं होतं.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते, नाहीतर कोणी म्हणेल म्हातारा वेडा होता. वेडा नव्हता. पीण्यात लेथवर त्यांनी जन्म काढला. आधी दुसर्‍याकडे, मग स्वतःची शेड घेऊन. बुश करायचे, म्हणजे मशीनच्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी. मोठ्या कारखान्यांच्या गाड्या आमच्या दारात थांबायच्या. आमची माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कोणत्या राजाच्या फौजेबरोबर आलो ते आता कोणाला नीट सांगताही येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड. आणि सण म्हणाल तर सगळ्यात मोठा खंडेनवमीचा, ज्याला इथे आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी लेथ, ड्रिल, मापं, स्कूटर, सगळं धुऊन पुसून ओळीने मांडायचं, प्रत्येकाला गंध आणि कुंकू लावायचं, आणि दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. पीण्यात त्या दिवशी रस्ते लाल होतात.

बँकेने पोस्टाने कार्ड पाठवलं, त्या वर्षी यांनी ते हत्यारांच्या ओळीत ठेवलं. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यार. मी वाद घातला नाही. आमच्याकडे वह्या, पोळपाट, शिवणयंत्र सगळ्यांची पूजा होते, कार्डानेच काय पाप केलंय. गंध हे स्वतः उगाळायचे, दाट, आणि त्यात थोडा डिंक घालायचे, म्हणजे मशीनवरून लगेच उडून जात नाही. ते बरोबर मधोमध लावायचे. कार्डावर मधोमध म्हणावं असं एकच ठिकाण होतं, तो सोनेरी चौकोन. दर वर्षी जुन्या गंधावर नवं गंध.

आणि वापर काय त्या कार्डाचा? काही नाही. हे आपले बँकेत जायचे, स्लिप भरायचे, कारकुनाशी बोलायचे, पैसे आणायचे. कार्ड देव्हार्‍यात, अंगार्‍याच्या डबीखाली.

मुक्तिनाथाची हौस अक्कांची. त्या विधवा झाल्यापासून आमच्याकडेच. कधी काही मागितलं नाही, नवं लुगडंसुद्धा नाही. हे एक मागितलं. माझे गुडघे गेलेले, मी नाही म्हटलं. भाऊबहीण निघाले. यात्रा कंपनीचा माणूस घरी आला होता, त्याने सांगितलं की आपल्या मोठ्या नोटा तिकडे घेत नाहीत, शंभराच्या थोड्या ठेवा आणि कार्ड घ्या, मशीनमधून तिथले पैसे निघतात. हे म्हणाले, कार्ड आहे. देव्हार्‍यातून काढलं, कपाळाला लावलं आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. पिन नंबर त्यांना पाठ होता. बाकी तयारी काय करायची असते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यांचा फोन मात्र त्यांनी घरीच ठेवला. तिकडे तो चालत नाही असं त्या माणसाने सांगितलं, आणि शिवाय गिर्‍हाइकांचे फोन येणार. तो नंबर कारखान्याचा. "उचलत जा," म्हणाले. "बुश तयार आहेत म्हण. पोरं देतील." त्यामुळे तो फोन माझ्याकडे, आणि ते तिकडे दुसर्‍यांच्या फोनवर.

त्या दिवशी यात्रेतले बाकीचे सगळे पहाटेच वर दर्शनाला गेले होते, कंपनीचा माणूसही त्यांच्याबरोबर. अक्कांना रात्रीपासून धाप लागली होती म्हणून हे दोघं मागे राहिले. अक्कांना जुना दमा. सकाळी ओठ काळे दिसायला लागले तेव्हा हे घाबरले. लॉजवालीने गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथे नळी लावली, सुई दिली, आणि सांगितलं की इथली हवा यांना सोसत नाही, छातीत पाणी भरतंय, खाली न्या. जवळच्या शंभराच्या नोटा तिथेच गेल्या. लॉजवाली बाई चांगली होती. फोन दिला, चहा दिला, गरम पाणी दिलं. पण जीपचे पैसे ती कुठून देणार? कंपनीच्या माणसाचा फोन वर लागत नव्हता.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. हे बोलायचे, लाइन तुटायची, पुन्हा लागायची. मागून अक्कांच्या श्वासाचा आवाज यायचा. कोणी भाता ओढावा तसा.

कार्ड मेलं हे यांना कळलं. मग म्हणाले, "आता काय करू?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

मी म्हटलं, "अक्कांना उठवून बसतं ठेवा. मी बघते."

बघते म्हटलं खरं. बघणार काय? माझं शिक्षण प्राथमिक शाळेत संपलं, तेही कन्नडमध्ये. घरात डब्यात नोटा होत्या. त्या घेऊन मी कोणाच्या हातात देणार होते? पैसे होते, देणारी मी होते, घेणारा जीपवाला होता, आणि मधे अख्खा देश. डबा उघडला आणि परत झाकला.

आधी बँकेत गेले. रविवार आहे हे माहीत होतं, तरी गेले. शटर बंद. बाहेर मशीनच्या खोलीत राखणदार खुर्चीवर बसला होता. त्याला सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अज्जी, स्वल्प थांबा, उद्या दहाला उघडतं." स्वल्प म्हणजे थोडं. त्याच्यापुढे ते मशीन होतं, त्यात नोटा होत्या, एक पोरगी आली, कार्ड घातलं, नोटा घेऊन गेली. मी बघत राहिले.

पासबुकावर एक नंबर छापलेला असतो, तो लावला. कन्नडसाठी हा आकडा दाबा, यासाठी तो दाबा. मग म्हणे कार्डाचा नंबर दाबा. कार्ड जोमसोमला. ठेवला. पुन्हा लावला, काहीच दाबलं नाही, तेव्हा बर्‍याच वेळाने एक माणूस बोलायला आला. चांगलं बोलत होता. मी सांगितलं, नवरा परदेशात आहे, कार्ड चालत नाही, त्यांची बहीण मरायला टेकली आहे. तो म्हणाला, खातेदारालाच बोलावं लागेल. मी म्हटलं, खातेदाराकडे फोन नाही, फोन माझ्याकडे आहे, म्हणून तर मी बोलतेय. तो म्हणाला, तुमची अडचण समजते. मग त्याने विचारलं, ते कार्ड परदेशात चालावं म्हणून आधी बँकेला कळवून चालू करून घेतलं होतं का? मी म्हटलं, म्हणजे? म्हणजे तेही करावं लागतं. गंध नसतं, काडेपेटी नसती, तरी कदाचित ते चाललं नसतंच. हे मला तिथे, बँकेच्या पायरीवर बसून कळलं.

"मग तुम्ही काय करू शकता?" मी विचारलं.

"तुमचं कार्ड मी बंद करू शकतो," तो म्हणाला. "नवं कार्ड पोस्टाने घरच्या पत्त्यावर येईल."

मी फोन ठेवला. त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या हातात तेवढंच होतं.

मग मला आठवलं की पलीकडच्या नव्या अपार्टमेंटचा वॉचमन नेपाळी आहे. पायांचं काय होईल ते होवो म्हणून चालत गेले. मनात असं की मी इथे याच्या हातात नोटा ठेवते, याचे कोणी भाऊबंद तिथे यांच्या हातात ठेवतील. तो जेवत होता, उठून उभा राहिला. त्याचं गाव कुठे तर पार दुसर्‍या टोकाला. तिथून जोमसोमला जायचं तर दोन दिवस मोटारीत बसावं लागतं.

"अज्जी, मुक्तिनाथ मी कॅलेंडरात बघितलाय," तो म्हणाला. "तुमचे लोकच जातात तिकडे. आमच्याकडे भाड्याला पैसे कुठे?"

त्याने दोघांना फोन करून पाहिले. एक हैदराबादला होता, एक दुबईला. नेपाळात कोणीच नव्हतं.

मुलीला हुबळीला फोन केला. ती रडायला लागली, म्हणून ठेवला. रडणार्‍याला सांभाळायला मला वेळ नव्हता.

घरी आले तर दारातच फोन वाजला. हे होते. म्हणाले, "अक्काला पाठवलं."

आमच्या कर्नाटकातल्याच मंड्याकडची काही माणसं जीप करून खाली चालली होती. लॉजवर चहाला थांबली. हे स्वतःशीच कन्नडमध्ये बडबडत होते, म्हणे देवा काय करू, ते त्यांनी ऐकलं. मागच्या बाकावर एकाच माणसाला जागा होती. यांनी अक्कांना उचलून तिथे बसवलं. हे टपावर बसून जातो म्हणाले, तर ड्रायव्हरने बसू दिलं नाही.

"कोण माणसं?" मी विचारलं.

"मंड्याची."

"नाव काय?"

"विचारलं नाही."

"गाडीचा नंबर?"

"तोही नाही."

"अक्कांच्या हातात चिठ्ठी तरी दिलीत? कोणाला फोन करायचा ती?"

"अगं, तिचे डोळे फिरत होते. चिठ्ठी कुठली लिहू?"

मग मी बोलले. पुष्कळ बोलले. बुश घेऊन जाणार्‍या टेम्पोचा नंबर रोज लिहून ठेवता, पोतं गेलं तर पावती मागता, आणि बहिणीला अनोळखी माणसांच्या हवाली करताना नाव विचारत नाही. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बसवली तेव्हा ती माझा हात सोडत नव्हती. मी सोडवून घेतला."

त्यानंतरची दुपार मी कशी काढली, ते सांगण्यासारखं काही नाही. बसले होते. देवापुढे बसले नाही, देव्हार्‍यात कार्डाची जागा रिकामी दिसत होती. फोन मांडीवर ठेवून दारात बसले. फोन वाजायचा, आणि प्रत्येक वेळी गिर्‍हाईक.

"अण्णा आहेत का? बुश झाले?"

"झाले."

"उद्या गाडी पाठवू?"

"सरी, बरं, पाठवा."

ठेवायचा. पुन्हा वाजायचा. रविवारीसुद्धा माणसांना बुश हवे असतात. एकाला मी म्हटलं, बाबा, लाइन मोकळी ठेव, घरात जीवन-मरणाचं आहे. तो म्हणाला, अय्यो, मग उद्या करतो. आणि दहा मिनिटांनी काय झालं ते विचारायला त्यानेच पुन्हा फोन केला.

एक मात्र कळत नव्हतं. अक्का वाटेत गेल्या तर ती माणसं काय करतील? कोणाला कळवतील? त्यांच्याकडे ना आमचं नाव, ना गाव. अक्कांजवळ कागद असा एकच होता, कनवटीला आधार कार्डाची झेरॉक्स, आणि ती घामाने कशी झाली असेल कोण जाणे. मी स्वतःला सांगितलं, आता जे व्हायचं ते झालेलं असेल, फक्त आपल्याला कळायचं राहिलंय. असं सांगितलं की बरं वाटतं असं लोक म्हणतात. वाटत नाही.

दिवे लागल्यावर एक लांबलचक नंबर आला. उचलला. एक माणूस कन्नडमध्ये बोलला, मंड्याकडचं कन्नड, सगळं ओढून ओढून. हा पीण्याचा कारखाना का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, पोखर्‍याच्या आस्पत्रीतून बोलतोय, एक अज्जी आहेत, हाच नंबर सारखा सांगतायत, लावून द्या म्हणतायत.

आमच्या कारखान्याचं दर वर्षी एक कॅलेंडर छापतात, गिर्‍हाइकांना द्यायला. वर देवाचं चित्र, खाली मोठ्या आकड्यांत हा नंबर. एक कॅलेंडर अक्कांच्या खाटेसमोर कायम लटकलेलं. अक्कांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. पडल्यापडल्या रोज बघून तो एक नंबर त्यांना पाठ झाला होता. दुसरा कुठलाच नाही. आणि तो फोन हे तिकडे घेऊन गेले असते, तर तिथे बंद पडलेला असता.

मग अक्कांचा आवाज आला. बारीक, थांबत थांबत.

"मी आहे गं. मेले नाही."

"बरं," मी म्हटलं.

"नाकात नळी घातलीय. त्याला सांग."

"सांगते."

"माझ्या चपला वर राहिल्यात. त्याला आणायला सांग."

यांचा फोन आला तेव्हा मी आधी चपलांचंच सांगितलं. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. तोवर बाकीची मंडळी दर्शन करून उतरली होती. कंपनीच्या माणसाने दुसर्‍या दिवशी यांना खाली नेलं, दवाखान्याचे पैसे त्यानेच भरले, आणि बेंगळूरला आल्यावर आम्ही त्याचे चुकते केले. मुक्तिनाथाचं दर्शन दोघांपैकी कोणालाच झालं नाही.

मंड्याच्या त्या माणसांचं नाव आम्हाला अजून माहीत नाही. अक्कांनीही विचारलं नव्हतं. एका बाईने वाटभर त्यांना मांडीवर धरलं होतं, एवढं त्या सांगतात, आणि तिच्या अंगाला लसणाचा वास येत होता, हेही.

त्या दिवशी मी जे जे केलं त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. लोक म्हणतात, तुम्ही किती धावपळ केलीत. धावपळ केली. बँकेची पायरी आणि वॉचमनची खुर्ची, यापलीकडे ती पोचली नाही. मी फोनपाशी नसते तर अक्कांचा निरोप चुकला असता, एवढंच. तेही मी ठरवून केलेलं नव्हतं.

नवं कार्ड पोस्टाने आलं. खंडेनवमीला यांनी तेही हत्यारांच्या ओळीत ठेवलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कोपर्‍याला लावतो." आणि गंधाचं बोट कोपर्‍याला टेकवलं. जुनं कार्ड टाकून दिलं नव्हतं. ते मापांच्या डब्यात आहे अजून, मधला चौकोन पांढरा, ओरखडे पडलेला.

हे गेल्या वर्षी गेले. इथेच, घरात, चहाचा कप खाली ठेवला आणि गेले. त्यांना कधी दमा नव्हता, काही नव्हतं.

अक्का आहेत. समोरच्या खाटेवर बसून शेंगा सोलतायत.